कानगोष्टी: नाशकात बँजो मागितला तर कुठला मिळेल?

मागच्या अंकात मी जॉन प्राइनवर जेमतेम दीड पान लिहिलं होतं. शिकागोजवळच्या मेवूड गावचा पोस्टमन, पत्रं वाटता वाटता गाणी रचणारा माणूस. आणि शेवटी सहज म्हटलं होतं की अमेरिकाना, फोक (म्हणजे तिकडचं लोकसंगीत), इंडी रॉक यातलं काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं तीन-चार मेसेज येतील, एकतीस आले. त्यातल्या अर्ध्यांचं म्हणणं एकच, "दादा प्लेलिस्ट पाठवा". ती पाठवणार नाहीये, का ते पहिल्याच उत्तरात येईल. बाकीच्यांतले काही प्रश्न घेतोय, नावं गाळलीत.

प्रश्न: मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय २४. आत्तापर्यंत मेटल आणि हिंदी रॉक ऐकलं. तुमचं वाचून ऐकायला बसलो पण अमेरिकाना काय, कंट्री काय, फोक काय, सगळीकडे एक गिटार आणि एक दुःखी माणूस. फरक काय आहे नक्की? सुरुवात कुठून करू?

"एक गिटार आणि एक दुःखी माणूस" ही व्याख्या मला इतकी पटली की इथंच थांबावंसं वाटतंय. पण तू विचारलंयस तर सांगतो. अमेरिकाना हे नाव गाण्यातून नाही आलं, दुकानातल्या कप्प्यातून आलंय असं समज. नव्वदीच्या आसपास नॅशविलची, म्हणजे कंट्रीच्या राजधानीची, कंट्री (मूळची खेड्यापाड्यातली गाणी) एकदम चकाचक झाली, टोपीवाले देखणे गायक स्टेडियमं भरवायला लागले, आणि ज्यांच्या गाण्याला जुन्या मातीचा वास होता पण जे रेडिओवर कुठंच बसत नव्हते अशा लोकांना ठेवायचं कुठं हा प्रश्न पडला. मग १९९५ मध्ये रेडिओवाल्यांच्या एका मासिकानं 'अमेरिकाना' नावाचा वेगळा चार्ट काढला, १९९९ ला नॅशविलमध्ये असोसिएशन झाली, आणि २०१० ला ग्रॅमीत अमेरिकाना अल्बमचं वेगळं बक्षीस सुरू झालं, ते पहिल्यांदा मिळालं लेव्हॉन हेल्मला, 'द बँड'चा ड्रमर, तेव्हा सत्तरीला टेकलेला. म्हणजे नाव पोरसवदा आणि माल शंभर वर्षं जुना. त्यात ब्लूज आहे, डोंगरातली जुनी कंट्री आहे, चर्चमधली गाणी आहेत, फोक आहे आणि रॉकचा आवाज आहे. (मिसळीची उपमा मी देणार नाही, नाशकात प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीला देतो.)

आता प्लेलिस्ट का नाही. पन्नास गाण्यांची लिस्ट लावली की बाराव्या गाण्याला तू व्हॉट्सअ‍ॅप बघत असतोस आणि रात्री एकाचीही चाल आठवत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, दोन वर्षं वाया घालवलीत त्यात. त्यापेक्षा एका गाण्याचं शेपूट धरायचं आणि मागं मागं जायचं, हे आधी कोण गायलं, त्यानं कोणाकडून घेतलं. एक करून दाखवतो.

१९९० साली अंकल टुपेलो नावाच्या बँडचा पहिला अल्बम आला. सेंट लुईसजवळच्या बेलव्हिल गावातली तीन पोरं, शाळेपासूनचे दोस्त, पंक ऐकून मोठे झालेले, गाणी कशावर तर कारखाना, दारू आणि गावातला कंटाळा. तुला हे अंबडमध्ये बसून कळायला काही अडचण येऊ नये. अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन'. इथं डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार नव्हे, ती १९२९ नंतरची महामंदी, कारण ते गाणं त्यांचं नाहीच, ते कार्टर फॅमिलीनं १९३६ ला रेकॉर्ड केलेलं. मंदीनं पिचलेली माणसं म्हणतायत की आता वरच जाऊ, तिथं तरी मंदी नसेल. एका संध्याकाळी दोन्ही लागोपाठ ऐक. आधी बेलव्हिलच्या पोरांचं, त्यातला तो खरखरीत तरुण आवाज, आणि मग सारा कार्टरचा, सरळ, जाडसर, अजिबात न हलणारा, रडगाणं गात असून न रडणारा. चाल तीच. चौपन्न वर्षं मध्ये गेलीत.

आता आणखी मागं जा. ही कार्टर मंडळी व्हर्जिनियाच्या डोंगरातली, ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलत-मावस नात्यातली बहीण मेबेल. १९२७ च्या जुलैअखेरीस टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाचा माणूस मशीन घेऊन आला, टोप्यांच्या कंपनीच्या रिकाम्या मजल्यावर त्यानं रेकॉर्डिंग मांडलं आणि गावोगावच्या गाणाऱ्यांना बोलावलं. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची, पोटुशी. पण गिटार ऐक तिची. अंगठ्यानं जाड तारांवर गाण्याची चाल वाजवते आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर ठेका धरते, दोन माणसांचं काम एकटी. त्याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात आणि आज जगात जेवढे लोक गिटार घेऊन एकटे गातात त्यातल्या निम्म्यांच्या हातात ती बाई बसलेली आहे असं मी बिनधास्त म्हणेन.

आणि गाणी आली कुठून? ए. पी. डोंगर-दऱ्यांतून फिरून गोळा करायचा. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा, एक पाय गमावलेला. ए. पी. शब्द वहीत उतरवायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा, घरी येऊन वाजवून दाखवायचा. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. रिडलला शोधून त्याचं स्वतःचं गाणं नीट रेकॉर्ड व्हायला साठचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे बघ, तू 'गोऱ्यांची कंट्री' म्हणून जे ऐकायला बसतोस त्याची चाल एका काळ्या माणसाच्या आठवणीतून आलेली असू शकते. हे कुठल्या प्लेलिस्टमध्ये कळणार?

हेच शेपूट पुढच्या बाजूला पण ओढता येतं. अंकल टुपेलो १९९४ ला फुटला, एकानं सन व्होल्ट काढला, दुसऱ्यानं विल्को. तू क्वालिटीला आहेस म्हणून विल्कोची गोष्ट खास तुझ्यासाठी. २००१ मध्ये त्यांनी 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' अल्बम कंपनीला दिला, कंपनीनं रिजेक्ट मारला. बँडनं बदल करायला नकार दिला, हक्क आपल्याकडे घेतले आणि अख्खा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, तो विकत घेऊन काढला. गंमत अशी की ही दोन्ही लेबलं एकाच वॉर्नर कंपनीची. म्हणजे एका खिडकीवर रिजेक्ट झालेला लॉट दुसऱ्या खिडकीवर पैसे देऊन परत घेतला. आणि चालला तो, त्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम तोच.

सिडकोतल्या एका ताईंचं पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगतो. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, डावखुरी, गिटारच्या क्लासला घातलीय. क्लासमधले सर म्हणतात उजव्या हातानंच वाजव, नाहीतर जमणार नाही. मुलगी रडते. ताई विचारतात काय करू.

ताई, तुमच्या मुलीला आज रात्री एलिझाबेथ कॉटनची गोष्ट सांगा. नॉर्थ कॅरोलिनातली काळ्या कुटुंबातली मुलगी, तुमच्या लेकीएवढीच, डावखुरी. लोकांच्या घरी काम करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरला स्वतःची गिटार घेतली. शिकवायला कोणी नाही. तिनं तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक तारा वर. मग साहजिकच अंगठा बारीक तारांवर आला आणि बोटं जाड तारांवर, म्हणून ती चाल अंगठ्यानं वाजवते आणि ठेका बोटानं धरते, मेबेल कार्टरच्या बरोब्बर उलट. त्याच वयात तिनं मालगाडीवर एक गाणं केलं, 'फ्रेट ट्रेन', घराजवळून गाडी जायची त्यावर.

मग लग्न, मूल, चर्चमधल्यांनी सांगितलं ही असली गाणी बरी नव्हेत, आणि गिटार सुटली ती चांगली पंचवीस-तीस वर्षं. पुढे वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करत असताना गर्दीत हरवलेली एक छोटी मुलगी त्यांना सापडली, ती त्यांनी आईकडे पोचवली. ते कुटुंब निघालं सीगर. घरातले सगळे गाण्यातले, आई संगीतकार, वडील लोकसंगीताचे अभ्यासक. त्यांनी या बाईंना घरकामाला ठेवलं. एक दिवस घरच्यांच्या लक्षात आलं की भिंतीवरची गिटार काढून आपल्या कामवाल्या बाई वाजवतायत, आणि उलटी धरून वाजवतायत. मुलगा माइक सीगरनं टेप आणून त्यांच्या घरी बसून रेकॉर्ड केलं, १९५८ ला पहिला अल्बम आला, तेव्हा त्या साठीत. हरवलेली मुलगी पेगी, ती मोठी होऊन इंग्लंडला गेली, तिच्यामुळे मालगाडीचं गाणं तिकडे पोचलं आणि १९५७ मध्ये दुसऱ्याच लोकांच्या नावावर हिट झालं. नाव परत मिळवायला भांडावं लागलं. १९८५ ला ग्रॅमी मिळाली, नव्वदी ओलांडल्यावर.

हे झालं लेकीसाठी, आता तुमच्यासाठी व्यवहाराचं. गिटार उलटी धरून शिकवू नका. कॉटनबाईंना कोणी शिकवणारं नव्हतं म्हणून ते जमलं, तुमच्या मुलीला क्लासमध्ये प्रत्येक कॉर्ड उलटा बघावा लागेल आणि ती वैतागेल. डावखुऱ्यांसाठीची गिटार मिळते, दुकानात नसली तर ऑर्डर करून. आहे त्याच गिटारला नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, वरच्या नटच्या (खुंट्यांजवळची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) खाचा जाड-बारीक असतात आणि खाली ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी तिरकी असते, ती पण बदलून घ्यावी लागते. आणि सरांना एकदा कॉटनबाईंचा जुना व्हिडिओ दाखवा. भांडायला नको, नुसता दाखवा.

प्रश्न: दादा मी सातपूरचा, आमच्या ग्रुपमध्ये बँजो वाजवतो, वराती-मिरवणुका सगळं. तुम्ही लिहिता अमेरिकेत बँजो. यूट्यूबला बघितलं तर ते वेगळंच काहीतरी निघालं. मग खरा बँजो कोणता?

भावा, हा प्रश्न मला अख्ख्या गठ्ठ्यात आवडला. मी पण फसलोय यात. कॉलेजात असताना मेन रोडच्या बाजूला एका दुकानात "बँजो दाखवा" म्हटलं तर त्यांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेली पेटी काढून समोर ठेवली, आणि मी "हा नाही, गोल असतो तो" म्हटल्यावर त्यांनी मला डफ दाखवला.

तू वाजवतोस तो आपला बँजो, म्हणजे बुलबुल तरंग, तो जपानचा. १९१२ मध्ये नागोया शहरात 'ताइशोगोतो' म्हणून निघाला, तारा ताणलेली पेटी आणि वर बटणं. इकडे येऊन आपण त्याला पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायर लावला, नाशिक ढोलाच्या डोक्यावरून ऐकू जाईल असा केला आणि नाव दिलं बँजो. खोटा वगैरे काही नाही, नाव सारखं, घराणं वेगळं.

तिकडचा बँजो बघायला लांब जायची गरज नाही. गोंधळ्याच्या हातातलं तुणतुणं आठव. लाकडी डबा, तळाला कातडं मढवलेलं, वर दांडी, एक तार, आणि ती एकच तार गाणं संपेपर्यंत एकाच सुरात तुण तुण तुण. आता तो डबा पसरट दिमडीसारखा कर, दांडी लांब कर आणि तारा पाच कर. झाला बँजो. आणि त्या पाचातली पाचवी तार बघ, ती आखूड असते, खुंटी दांडीच्या मध्यावरच, ती दाबायची नसते, अंगठ्यानं नुसती छेडत राहायची, एकच सूर. तुणतुण्याचं काम. जुन्या पद्धतीत, क्लॉहॅमर म्हणतात, तारा वर ओढत नाहीत, नखाची पाठ वरून खाली आपटतात आणि अंगठा मागून त्या आखूड तारेला लागतो. टणक, पुन्हा टणक, घोडं चाललंय असं.

हे वाद्य गोऱ्या शेतकऱ्यांचं वाटतं, नाहीये. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाकडे भोपळ्याला कातडं मढवलेलं 'अकोंटिंग' अजून वाजतं, त्यालाही अशी आखूड तार असते. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ही विद्या डोक्यात नेली आणि तिकडे वाद्य पुन्हा बनवलं. मग एकोणिसाव्या शतकात गोरे लोक तोंडाला काळं फासून त्यांची नक्कल करत बँजो वाजवायला लागले, तमाशे झाले, आणि शेवटी लोक हेच विसरले की वाद्य कोणाचं. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला, तिथं भेटलेल्या तीन तरुणांनी कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स नावाचा बँड काढला. दर गुरुवारी ते जो थॉम्पसन नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या फिडलवाल्याकडे (फिडल म्हणजे व्हायोलिनच) जाऊन बसायचे, तो वाजवेल तसं वाजवायचे. नोटेशन नाही काही नाही. त्यांच्यातली रिआनन गिडन्स, तिचं ऐकच. तिच्याकडे १८५८ सालच्या बँजोची हुबेहूब नक्कल आहे, बिनपडद्यांची (दांडीवर फ्रेट नसलेली), आवाज खोल, घुमणारा, यूट्यूबवरच्या त्या चकचकीत खणखण आवाजासारखा बिलकुल नाही. ऐकशील तर कळव, आणि जमलं तर तुझ्या बँजोवर ती चाल वाजवून मला पाठव, मी खरंच म्हणतोय.

प्रश्न: (पंचवटीतून, निवृत्त शिक्षक) आपल्याकडे तुकोबा आहेत, शाहीर आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. हे सोडून परक्या देशातल्या शेतकऱ्यांचं रडगाणं मराठी मासिकात कशाला?

सर, नमस्कार. तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे की शिव्या पण वाचाव्याशा वाटल्या.

सोडून कोणी सांगितलं? ओव्यांचंच बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर, त्या आता ऐकायला मिळतात. मी खरं सांगतो, त्या मी ऐकायला लागलो ते अमेरिकेतल्या डोंगरी बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी, ऐकून झाल्यावर. सेसिल शार्प नावाचा इंग्रज १९१६ ते १९१८ अपालेशियन डोंगरात फिरला, दीड हजारावर चाली लिहून आणल्या. तिथल्या बायका चुलीपाशी बसून 'बार्बरा अ‍ॅलन' गात होत्या, ज्याचा उल्लेख लंडनच्या सॅम्युअल पेपिसच्या डायरीत १६६६ सालचा आहे. समुद्र ओलांडून, अडीचशे वर्षं. ते वाचलं आणि मला माझी आजी आठवली, निफाडकडची, जी जात्यावर नाही पण द्राक्षाच्या मण्यांची विरळणी करताना काहीतरी गुणगुणायची आणि मी कधी विचारलं नाही काय गातेस. आता विचारायला ती नाही. तेव्हा परक्याचं ऐकून आपलं विसरलो असं माझं तरी झालं नाही, झालं ते उलटंच.

आणि सर, तुम्ही शिक्षक होता म्हणजे पंधरा ऑगस्टला 'हम होंगे कामयाब' बसवलं असणारच. ते कुठून आलं? काळ्यांच्या चर्चमधलं भजन, ते १९४५ च्या सुमारास चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपावरच्या बायकांनी गेटवर गायलं, तिथून टेनेसीतल्या हायलँडर या चळवळीच्या शाळेत गेलं, लोकगायक पीट सीगर वगैरेंनी गावोगाव नेलं, आणि गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलं. तुमच्या शाळेच्या पटांगणात अमेरिकन फोक वाजून गेलंय सर.

प्रश्न: शब्दच कळत नाहीत हो. इंग्लिश मीडियमची असून.

कळू नयेतच असं काही बँडना वाटतं. आर.ई.एम. चा पहिला अल्बम १९८३ चा, नावच 'मर्मर', म्हणजे पुटपुट, आणि गायक खरंच इतका पुटपुटतो की तिथल्या लोकांना पण शब्द लागत नव्हते, तरी कॉलेजच्या रेडिओंनी तो डोक्यावर घेतला. तेव्हा न्यूनगंड नको. दोनदा नुसतं ऐका, मग शब्द उघडून वाचा, मग परत ऐका, याच क्रमानं, आधी वाचलं तर ते कवितेचा तास होतो. प्राइनपासून सुरू करा, सगळ्यात स्वच्छ आणि सोपं बोलतो. मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं, रॉजर इबर्ट नावाचा सिनेमाचा समीक्षक १९७० मध्ये सिनेमा अर्धवट सोडून उठला, पॉपकॉर्न खारट होतं म्हणून तहान लागलेली, शेजारच्या बारमध्ये बिअर प्यायला शिरला आणि तिथं हा पोस्टमन गात होता. सिनेमाचं सोडून त्यानं पेपरात त्याच्यावर लिहिलं.

इंडी म्हणजे नक्की कसला आवाज असं तिघांनी विचारलंय, गंगापूर रोड, देवळाली कॅम्प आणि इंदिरानगर. तिघांना एकच उत्तर. मुळात आवाज नाहीच, हिशोब आहे. मोठ्या कंपनीकडे न जाता छोट्या लेबलवर किंवा स्वतः रेकॉर्ड काढायची, एवढाच अर्थ. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड १९८० चं, नॉर्थ कॅरोलिनाचं मर्ज १९८९ चं, दोन्ही बँडवाल्यांनीच काढलेली. पुढे पैसे कमी म्हणून जो खरखरीत, घरगुती आवाज यायचा तोच लोकांना आवडायला लागला आणि त्यालाच इंडी म्हणायला लागले. तसा आवाज मोठ्या कंपनीतूनही आलाय, ब्रूस स्प्रिंगस्टीनसारखा रॉकस्टारसुद्धा १९८२ मध्ये घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर डेमो करतो, ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून फिरतो, नंतर बँडबरोबर तीच गाणी करून बघतो, जमत नाही, आणि शेवटी कॅसेटवरचंच 'नेब्रास्का' म्हणून काढतो. कंपनी मोठी, आवाज खोलीतला. आणि बॉन इव्हेर, जो वडिलांच्या विस्कॉन्सिनमधल्या लाकडी खोपटात २००६-०७ चा हिवाळा एकटा राहून अल्बम करून बाहेर आला. (हे वाचून कोणी त्र्यंबकच्या फार्महाऊसवर जाऊन बसू नका, आमच्यातला एक बसला होता, चार दिवसांत मच्छरांनी परत पाठवला.)

यातल्यांना पैसे पोचवायचे असतील तर बँडकँपवरून अल्बम विकत घ्या, साइट दहा-पंधरा टक्के ठेवते, बाकी बहुतेक बँडला. कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून ठेवा नाहीतर तीन वेळा ओटीपीची वाट बघत बसाल.

रेकॉर्ड प्लेअर घेऊ का असंही इंदिरानगरवाल्यांनी विचारलंय. सुटकेसचा मिळतो तो स्वस्तातला घेऊ नका. मी ऑनलाइन घेतला होता, सुईचं वजन अ‍ॅडजस्ट होत नाही असा, आणि वडिलांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर त्यानं नांगर फिरवला. कंपनीनं माल परत घेतला नाही आणि वडील अजून तो विषय जेवताना काढतात.

प्रश्न: पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबई, पासवाला आहे. कसाऱ्याला रेंज जाते, गाणं अडकतं. काय डाउनलोड करू?

गाडीत बसून गाडीचीच गाणी ऐका. जॉनी कॅश. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर ड्रम नाहीत, तेव्हा कंट्रीत ड्रम फारसे चालायचे नाहीत, तर ती 'छक छक' यावी म्हणून हा माणूस गिटारच्या तारांखाली कागद सरकवायचा. घाटात बोगद्यांवर बोगदे लागतात, कानात हेडफोन, बाहेर अंधार, आणि तो कागदाचा ठेका आणि चाकांचा ठेका एका जागी येऊन मिळतात. माझं एकदा झालंय. परत जमवायचा प्रयत्न केला, नाही जमलं, गाडी लेट होती.

घाट संपल्यावर कल्याणपर्यंत 'अ मीटिंग बाय द रिव्हर' लावा. आपले विश्वमोहन भट्ट मोहनवीणेवर आणि राय कूडर स्लाइड गिटारवर, कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये बसून जवळपास बिनतयारीचं वाजवलेलं, १९९४ ची ग्रॅमी. कूडरचा चौदा वर्षांचा पोरगा बाजूला बसून ताल धरतोय. कुठं अमेरिका संपते आणि कुठं जयपूर सुरू होतं ते ठाण्यापर्यंत मला अजून सापडलेलं नाही.

प्रश्न: नाशकात हे लाइव्ह कुठं ऐकायला मिळेल?

खरं सांगू? फारसं नाही. द्राक्षाच्या मळ्यात सुला फेस्ट होतो तेव्हा एखादा बरा बँड येऊन जातो, कॉलेज रोडच्या कॅफेंत ओपन माइक लागतं, त्यात नऊ जण अरिजित गातात आणि दहावा एखादा घाबरत घाबरत डिलन. त्या दहाव्यासाठी जातो मी.

बाकी आमच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जण बसतो. एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी बोलायचं नाही, मोबाइल जिन्यात ठेवायचे. गेल्या महिन्यात गिलियन वेल्चचा २००१ चा 'टाइम (द रेव्हलेटर)' ऐकला, दोन माणसं, दोन गिटारी, शेवटचं गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं. खालच्या काकांनी मध्येच मोटर चालू केली, टाकी भरेपर्यंत थांबावं लागलं, परत पहिल्यापासून लावलं. यायचं असेल तर कळवा. चिवडा आणा, पण गाणं चालू असताना पुडी उघडायची नाही, त्या कुरकुरीत गिटार बुडते.